तीन नकार आणि एक कवळी

मी कवळ्या बनवते. ओळख करून देताना हे सांगितलं, की समोरचा माणूस आधी स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवून बघतो आणि मग हवापाण्यावर बोलायला लागतो. एकवीस वर्षं मी एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तोंडं भरली. पुढे खुर्चीपाशी डॉक्टर, मागे प्लास्टरच्या धुळीत मी. कवळी बसली की आभार डॉक्टरांचे, टोचली की शिव्या मला. एके दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी ठरवलं, आता स्वतःची लॅब काढायची.

एकटीने ते जमणार नाही, एवढं मला कळत होतं. मला हात आहेत, तोंड नाही. म्हणजे तोंड भरपूर आहे, पण ते गिऱ्हाईक पळवून लावण्याच्या कामाचं. भागीदार हवा होता. आधी एका मैत्रिणीला विचारलं. तिने पहिल्याच बैठकीत प्रश्न टाकला, "म्हातारी माणसं साधारण किती वर्षं गिऱ्हाईक राहतात गं?" तिला मी चहा पाजून वाटेला लावलं. मग एक जुना सहकारी. प्लास्टर ओतावं तर त्याने, इतका हात सफाईदार. पण तो नेमका माझ्यासारखा. आम्ही दोघांनी शेजारी शेजारी स्टुलावर बसून दिवसभर जगाला नावं ठेवली असती आणि संध्याकाळी कुलूप लावून घरी गेलो असतो.

राहिले माझे धाकटे दीर. भाऊजींनी तोवर गाद्या विकल्या होत्या, पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली होती, आणि स्वतःला येत नसलेल्या एका भाषेचे वर्गही विकले होते. मी त्यांना माझी कल्पना सांगायला बसले. चाळीस मिनिटं ते एका शब्दाने मध्ये बोलले नाहीत. मान हलवत होते, डोळे मिटून ऐकत होते. मला भरून आलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आमच्या ह्यांनी माझं चार मिनिटं सलग ऐकलेलं नाही. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की भागीदार असावा तर असा. पुढे कळलं, त्या दिवशी त्यांच्या पलीकडच्या कानात यशस्वी माणसांची भाषणं चालू होती.

पण तोवर करार झाला होता. कराराआधी भाऊजींनी मला एका सल्लागाराकडे नेलं. नव्या धंद्यातल्या भागीदारांची मनं जुळवून देणं हा त्याचा धंदा. त्याच्या पायात बूट होते, मोजे नव्हते. आमच्या दोघांचे स्वभाव त्याने फळ्यावर त्रिकोण काढून समजावून सांगितले. आम्ही दोघं, मग तिसरा कोपरा कोणाचा, असं मी विचारलं, तर म्हणाला, "तो विश्वासाचा." त्याच्या स्वतःच्या तीन भागीदाऱ्या मोडल्या होत्या. त्याला तो अनुभव म्हणत होता.

त्याने आम्हाला सहा लाल कार्डं दिली. प्रत्येकावर जाड अक्षरात 'नाही' छापलेलं. तीन माझी, तीन भाऊजींची. वर्षभरात प्रत्येकाने फक्त तीनदा 'नाही' म्हणायचं. कार्ड टाकलं की विषय संपला, कारण विचारायचं नाही. आणि कार्डं संपली, की मग प्रत्येक गोष्टीला "हो, आणि" असंच म्हणायचं. 'आणि'च्या पुढे हवं ते जोडा, पण सुरुवात 'हो'ने. यामुळे म्हणे भागीदार फालतू वाद घालत नाहीत, नकार जपून वापरायला शिकतात.

भाऊजी शिकले. मी दोन महिन्यांत तिन्ही उधळून बसले.

पहिलं गेलं कंपनीच्या नावावर. भाऊजींना 'दंतक्रांती' हवं होतं. मी कार्ड फेकलं. त्यांनी हसत ते खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी 'दंतझेप' अशी पाटी करून आणली. दुसरं गेलं माझ्या फोटोवर. हाताची घडी घालून, हनुवटी वर करून मी भिंतीएवढी उभी, आणि खाली लिहिलेलं, 'हास्याची शिल्पकार'. हसणाऱ्यांशी माझा काय संबंध? माझी माणसं जेवायला बसतात. पण फोटो गेला आणि त्या जागी भाऊजींचा आला, हाताची घडी घालून.

तिसरं सांगायला लाज वाटते. भाऊजींनी कॉफीचा मग माझ्या टेबलावर ठेवला. नुकत्या ओतलेल्या प्लास्टरच्या साच्याशेजारी. मी म्हटलं, उचला. ते म्हणाले, "हो वहिनी, एक मिनिट." त्यांचं मिनिट मला ठाऊक होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी कार्ड काढून मगावर आपटलं. भाऊजींनी शांतपणे मग उचलला, कार्ड पुसलं, खिशात घातलं. त्या क्षणी मला कळायला हवं होतं. पण मी जिंकल्याच्या तोऱ्यात कामाला लागले.

यानंतर आमच्या लॅबमध्ये वाद असे झालेच नाहीत. सल्लागार एकदा बघायला आला आणि म्हणाला, "काय सुरेख सूर जुळलाय तुमचा!" जुळणारच. "वहिनी, इथे पाय पसरून बसायच्या मऊ पिशव्या आणू या का?" "हो, आणि त्यातून उठताना म्हाताऱ्यांची हाडं मोडली तर तीही जोडून देऊ या." "वहिनी, दर बुधवारी सगळ्यांनी उभ्याने बैठक घ्यायची का?" "हो, आणि शुक्रवारी बसल्याने धावू या." भाऊजी माझं बोलणं वहीत उतरवून घेत. त्यांना वाटायचं, वहिनींना सुचतंय.

खरं सांगायचं तर माणूस कामाचा होता. मी एकवीस वर्षांत जेवढ्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढले नसते, तेवढे दवाखाने भाऊजींनी चार महिन्यांत पालथे घातले. त्यांनीच ते मशीन आणलं. तोंडात छोटा कॅमेरा फिरवायचा, पडद्यावर जबडा उमटतो, आणि मशीन रात्रभरात कवळी छापून देतं. मशीनवर माझा राग नव्हता. छापतं ते सुबक छापतं. पण जबडा पडद्यावर उमटला म्हणजे चावा उमटला असं नव्हे.

हे जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर आहे. दात नसलेल्या माणसाला तोंड मीट म्हटलं, की तो खालचा जबडा पुढे सरकवतो. सवयच लागलेली असते. त्या मापावर कवळी केली तर आरशात झकास दिसते आणि पहिल्या घासाला उचकटते. म्हणून मी माप घेताना म्हणते, "जीभ टाळूला मागे लावा आणि गिळा बघू." गिळताना जबडा आपोआप आपल्या मूळ जागी जातो. तेव्हा धरायचं माप. त्यानंतर मेणात दात बसवून ते तोंडात घालून बघायचे, चूक राहिली असेल तर सुधारायची, आणि मग पक्की कवळी. मेणाच्या या पायरीला एक माणूस, एक खुर्ची आणि अर्धा दिवस लागतो. घाई केली तर हिरड्या सोलवटतात.

पाचव्या महिन्यात भाऊजी नाचतच आले. एका मोठ्या वृद्धाश्रमाचं काम मिळालं होतं. चाळीस माणसं, चाळीस कवळ्या. तिथल्या व्यवस्थापक बाईंना सगळ्या कवळ्या भेटीच्या दिवसाआधी हव्या होत्या. त्या दिवशी सगळ्यांची मुलं-नातवंडं येतात, आईबाप हसताना दिसायला हवेत.

"कधी आहे भेटीचा दिवस?"

"तीन आठवड्यांनी. पहिल्या आठवड्यात त्यांना दाखवायला घरच्याच कुणाचा तरी नमुना, दुसऱ्यात माणसं तपासायची, आणि तिसऱ्या एका आठवड्यात चाळीस!"

"आणि मेण?"

"मेण कशाला वहिनी? मशीन आहे की. मी त्यांना सांगितलंय, एका दिवसात कवळी. आमचं वैशिष्ट्यच ते."

मी हातातला ब्रश खाली ठेवला. "भाऊजी, हे होणार नाही."

भाऊजी माझ्याकडे प्रेमाने बघत राहिले. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "कार्ड आहे का?"

मी आयुष्यात बरेच अपमान गिळलेत, पण हा घशातच अडकला. चाळीस माणसांची तोंडं एका बाजूला आणि एक कॉफीचा मग दुसऱ्या बाजूला. माझं नाव त्या कवळ्यांवर जाणार होतं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव. आणि तेच नाव चाळीस म्हातारी माणसं ताटासमोर तोंडातून काढून वाटीत ठेवणार होती.

समंजस बाई काय करते? दार लावून घेते, दिराला बसवते आणि स्पष्ट सांगते. मी समंजस नाही. मी म्हटलं, "हो. आणि घरचा नमुना आईंचा."

सासूबाईंची कवळी मीच केलेली, दहा वर्षांपूर्वी, आणि मधूनमधून माप बघून घासूनही दिलेली. झिजली होती, बदलायला आलीच होती. भाऊजींना तर हर्ष झाला. मुलगा, आई, नवे दात. त्यांच्या डोळ्यांसमोर जाहिरातच उभी राहिली.

सासूबाई ठरल्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून लॅबमध्ये आल्या. दोन्ही मुलं एकत्र नांदावीत, सुनेचं बरं चालावं, आपलं कुणाला ओझं नको, एवढ्या तीन विषयांवर त्यांचं आयुष्य गेलं. खुर्चीत बसल्या, जुनी कवळी काढून रुमालात गुंडाळली. भाऊजींनी कॅमेरा धरला. "आई, हस बघू." सासूबाई हसल्या, आणि त्यांचा खालचा जबडा पुढे आला.

मी शेजारीच उभी होते. पडद्यावर मला बोटभर अंतरावरून दिसत होतं. गिळा बघू. इतकंच म्हणायचं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघितलं. भाऊजींच्या कागदावर सगळ्या पायऱ्या छापलेल्या होत्या आणि त्यात गिळणं कुठेच नव्हतं. मी मनात म्हटलं, तुमचीच पद्धत, तुमचीच आई, आता कळेल. माप झालं.

दुसऱ्या दिवशी कवळी तयार. दिसायला इतकी देखणी, की सासूबाई वीस वर्षांनी लहान वाटायला लागल्या. भाऊजींनी फोटोंचा सपाटा लावला. "कशी वाटते आई?" "छान आहे रे." मी वाट बघत होते. आज तक्रार येईल, उद्या येईल. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. सासूबाई मऊ भात आणि सूप घेत होत्या. म्हणाल्या, भूकच मेलीये. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताटातलं गाजर हळूच आमच्या ह्यांच्या ताटात सरकवलं. ह्यांनी ते न बघता खाल्लं. मी बघितलं, आणि तरी गप्प राहिले. तक्रार त्यांच्या तोंडून भाऊजींनी ऐकायला हवी होती ना! माझ्या तोंडून ऐकून उपयोग काय, मला तर कार्डच नव्हतं.

चौथ्या दिवशी रविवार. दुपारी सगळे जेवायला एकत्र. जेवणं होत आली तसे भाऊजी उठले, फोन टेकवून उभा केला आणि आईच्या हातात सफरचंद दिलं. वृद्धाश्रमाला चित्रफीत पाठवायची होती. "मोठा घास घे आई. कचकन."

सासूबाईंनी सफरचंदाकडे बघितलं, मग मुलाकडे. आणि तोंड उघडून घास घेतला.

कचकन आवाज आला, पण सफरचंदाचा नव्हे. वरची कवळी मागून सुटली आणि पुढे टेकली. सासूबाईंनी सफरचंद खाली घेतलं. पांढऱ्या गरावर रक्त होतं. थोडंच, पण पांढऱ्यावर थोडंही पुष्कळ दिसतं.

भाऊजींचा चेहरा पडला. त्यांनी आईच्या तोंडातून कवळी काढली. आत हिरडीवर गव्हाच्या दाण्याएवढी जखम, तीही आजची नव्हे. "आई, हे कधीपासून?" सासूबाई रुमालात बोलल्या, "पहिल्या दिवसापासून. म्हटलं, तुमचं दोघांचं ठरलंय, मध्ये आपण कशाला."

भाऊजींनी खिशात हात घातला आणि लाल कार्ड काढून टेबलावर टाकलं. "हे नाही. वृद्धाश्रम असं नाही करायचं."

हा माझा क्षण होता. यासाठीच मी चार दिवस दात आवळून बसले होते. मी म्हटलं, "बरं. कारण विचारायचं नसतं."

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"मी सांगितलं होतं. तुम्ही कार्ड मागितलंत."

"अहो, कार्ड नव्हतं म्हणून काय झालं! आईच्या तोंडात..." ते थांबले. बहुधा त्यांना आपला तो गोड आवाज आठवला. माझीही जीभ थांबली, पण उशिरा.

कारण सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. एखादी वस्तू नेहमीच्या जागी सापडली नाही की आपण बघतो, तसं. बिनदातांच्या बोळक्या तोंडाने त्या म्हणाल्या, "दर वेळी तू मला गिळायला सांगतेस. या वेळी नाही सांगितलंस. मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा. म्हटलं, नवीन पद्धत असेल."

भाऊजी उतावळे, भाऊजी बढाईखोर, भाऊजींच्या कानात भाषणं, सगळं खरं. पण जबडा पुढे आलेला त्यांना दिसतच नव्हता. मला दिसत होता. वाद जिंकायला मी एका म्हातारीचं तोंड वापरलं होतं, आणि तेही माझ्यावर विश्वास टाकून उघडलेलं. मला माझी शिसारी आली.

"चुकलं माझं, आई," मी म्हटलं. त्या "असू दे" म्हणाल्या. त्यांचं असू दे ऐकून आणखीच मेल्यासारखं झालं.

तेव्हा आमचे हे बोलले. या गृहस्थांनी आमच्या धंद्यावर पाच महिन्यांत एक अक्षर काढलं नव्हतं. त्यांनी टेबलावरचं कार्ड उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि भावाला विचारलं, "अशी आईला किती दिलीत?"

ह्यांनी ते कार्ड आईच्या हातात ठेवलं आणि ताट उचलून आत गेले.

भाऊजींनी तिथेच, सफरचंद समोर असताना, व्यवस्थापक बाईंना फोन लावला. हा माणूस कधी गिऱ्हाइकाला नाही म्हणालेला नाही. त्यांना तो शब्द उच्चारताना बघणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्यात उतरताना बघणं. "नाही मॅडम... नाही, एका दिवसात नाही... हो, मीच म्हणालो होतो. चुकीचं म्हणालो होतो. माझ्या आईला लागलंय." पलीकडून बरीच तोफ डागली गेली. भाऊजींनी फोन कानापासून लांब धरला, परत जवळ आणला आणि विचारलं, "तुमच्याकडे कुणाला दातांवाचून अजिबातच जेवता येत नाही? आम्ही आधी त्यांचं करतो." चाळीसचे नऊ झाले. भेटीच्या दिवसापर्यंत नऊ. बाकीच्यांचं नंतर बघू, म्हणाल्या. ते 'बघू' म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही कळलं.

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "नऊ मेणातून होतील?"

"होतील. पण तुम्ही माप घेताना शेजारी उभं राहायचं आणि शिकायचं."

"हो, आणि..." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. उरलेली दोन कार्डं त्यांनी खिशातून काढली, फाडली आणि टोपलीत टाकली. माझी वापरलेली तिन्हीही त्यांनी जपून ठेवली होती, तीही फाडली. मग म्हणाले, "यापुढे वाटलं तर सरळ ओरडा वहिनी. मगावरूनसुद्धा." मी म्हटलं, मगावरून तर ओरडणारच आहे.

आता आम्ही रोज भांडतो. वेळ ठरलेली नाही, संख्या ठरलेली नाही. सल्लागार पुन्हा आला होता. दारातूनच आमचे आवाज ऐकून, तुमच्यात विश्वासाचा कोपरा कमी पडतोय, असं म्हणाला आणि बिनमोज्यांच्या बुटांनी परत गेला. नऊच्या नऊ कवळ्या बसल्या. भाऊजी आता वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांना छाती फुगवून सांगतात, "आमच्याकडे आधी मेणाची तालीम होते, हं! हे आमचं वैशिष्ट्य." मला हसू येतं आणि रागही येतो, पण मी ते विकू शकले नसते हेही खरं.

सासूबाईंनी आपलं कार्ड परत दिलं नाही. जेवताना ते पाण्याच्या पेल्याखाली ठेवतात. अजून वापरलेलं नाही.

त्यांची नवी कवळी मी जखम भरल्यावर केली. मेणाच्या वेळी भाऊजी शेजारी उभे होते. मी म्हटलं, "आई, जीभ मागे लावा आणि गिळा बघू." त्यांनी गिळलं, माप अचूक आलं, आणि आता त्या सफरचंद सालासकट खातात. त्यानंतर दोनदा थोडी घासून द्यायला त्यांना खुर्चीत बसवलं. दोन्ही वेळा मी गिळा म्हटलं आणि त्यांनी गिळलं. पण आधी माझ्याकडे बघतात. पूर्वी नुसत्या गिळायच्या.